करणाऱ्याचा एक, न बघणाऱ्याचा एक

नाशिक रोडला माझं चष्म्याचं दुकान आहे. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ती माझ्याच अंगावर येणार आहे. लोकांना जवळचं कमी दिसतं की लांबचं, हे मी गेली बावीस वर्षं ठरवतोय. मला स्वतःला लांबचं उत्तम दिसतं, जवळचंही उत्तम दिसतं. फक्त समोरचं दिसत नाही.

हे शेवटचं वाक्य माझं नव्हे, बोरसे मावशींचं. पत्ते खेळायला बसलो की रविवारातून एकदा तरी त्या ते म्हणायच्या, आणि म्हणताना माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. पत्ते पिसत असायच्या.

जेल रोडच्या आमच्या कॉलनीत सोसायटीचं एक सभागृह आहे. सभागृह म्हणजे गणपतीची मखरं, एक मोडका टेबल टेनिसचा टेबल आणि रविवारी दुपारी तीन ते सहा मेंढीकोट. या मेंढीकोटाच्या मालकीण बोरसे मावशी. मूळच्या चांदवडच्या. अंबडला लेबलं छापणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होत्या, तिथून निवृत्त झालेल्या. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. बुटक्या, काटक, केस घट्ट मागे ओढून बांधलेले. सभागृहाच्या कडीला त्यांनी एक पंचा बांधून ठेवला होता. हात धुऊन त्याला पुसल्याशिवाय कोणालाही पत्त्यांना शिवू देत नसत.

"धुतले का?"

"मावशी, घरून धुऊन आलोय."

"घरून इथवर जिना हाय. जिन्याला कठडा हाय. जा."

कॉलनीचे चेअरमन जगताप यांना त्यांनी एकदा भर सामन्यातून उठवून हात धुवायला पाठवलं होतं, का, तर त्यांनी कान खाजवला.

मेंढीकोट सगळ्यांना येतो, तरी दोन वाक्यांत सांगतो. चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघं भिडू. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्यांच्याकडे जास्त मेंढ्या त्यांचा डाव, आणि दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त त्यांचा. बाकी सगळ्या खेळाला मिळून एकच धर्म: जो रंग पडला तो हातात असेल तर तोच द्यायचा, नसेल तरच हुकमाने मारायचं. रंग असून हुकूम मारला, की ती चूक. मुद्दाम केली तर चोरी, न कळत केली तर वय.

जगभर या चुकीचा दंड करणाऱ्याला होतो. आमच्या सभागृहात तसं नव्हतं.

मावशींची पद्धत अशी. प्रत्येक जोडीला सुरुवातीला नऊ चिंचोके. डाव हरला की एक चिंचोका समोरच्यांना. ज्यांचे संपले ते हरले. समोरच्याने रंग असून हुकूम मारला आणि तुम्ही तो खेळ चालू असतानाच पकडलात, तर त्याने तुम्हाला दोन चिंचोके द्यायचे. पण तुम्ही पकडलं नाहीत आणि डाव संपल्यावर तपासणीत ते निघालं, तर दोन्ही जोड्यांनी एकेक चिंचोका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डाव कोणी जिंकला ते नंतर. दंड आधी.

"करणाऱ्याचा एक, न बघणाऱ्याचा एक," मावशी म्हणायच्या आणि डबा पुढे सरकवायच्या.

ही तपासणी हा एक स्वतंत्र सोहळा होता. प्रत्येक हात पडला त्याच क्रमाने एकावर एक, एक आडवा एक उभा, असा रचून ठेवायचा. डाव संपला की मावशी तेराही हात उलगडायच्या आणि कोणतं पान कोणी टाकलं ते घडाघडा सांगायच्या. आम्हाला आमची स्वतःची पानं आठवत नसत.

माझ्या पहिल्याच रविवारची गोष्ट. मी चिवडा खात खेळत होतो (हात दोनदा धुवावे लागले). तपासणीत निघालं की जगतापांनी किलवर असून हुकूम मारला होता.

"चेअरमन, एक. चष्मेवाले, तुझा एक."

"माझा? मी काय केलं?"

"काहीच नाय केलंस. त्याचाच."

"मावशी, हे म्हणजे चोरी माझ्या घरी झाली आणि पोलिसांनी मलाच उचललं."

"घरी नव्हतास तर गोष्ट वेगळी. तू घरात होतास. चोर तुझ्या डोळ्यांदेखत कपाट उघडत होता आणि तू त्याला म्हणालास, चिवडा घ्या."

"पण मला दिसलं नाही, हा माझा गुन्हा कसा?"

"इथं पंच नाय बाबा. चौघं खेळत्यात, तेच चौघं पंच. खेळणारा चुकला तर दंड, मग पंच चुकला तर त्याला काय? टाक."

मी टाकला. त्यानंतर सलग सहा रविवार टाकत राहिलो. सातव्या रविवारी मी ठरवलं की आता सोडायचं नाही. डोळ्यांत तेल घालून बसलो आणि तिसऱ्याच हाताला ओरडलो, "जगताप, बदाम होता तुमच्याकडे." जगतापांनी शांतपणे पानं उताणी करून दाखवली. बदाम नव्हता. खोट्या आरोपाला तीन चिंचोके असतात, हे मला तेव्हा समजलं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सात आठवडे झाले मी केस कापून. तुम्हाला तेही दिसलेलं नाही." तिने दंड केला नाही, पण मावशींच्या पद्धतीवरचा माझा एक आक्षेप कमी झाला.

या पद्धतीचा खरा शत्रू म्हणजे पगार सर. शाळेत कवायत शिकवायचे. माणूस तसा सरळ, पण शिट्टी गेल्यापासून अंगातली शिस्त कुठे घालवावी हे न कळल्याने लबाड झालेला. त्यांनी मावशींच्या नियमात भोक शोधून काढलं. समोरच्या जोडीकडे शेवटचा एकच चिंचोका उरला, की सर मुद्दाम रंग लपवून हुकूम मारायचे. पकडले गेले तर दोन जातील. त्यांच्याकडे दहा-बारा असायचे. नाही पकडले, तर तपासणीत दोघांचा एकेक जाणार, आणि समोरच्याकडे होताच एक. खेळ खलास. चूक करून जिंकायचं.

तीनदा हे झाल्यावर हरलेले सगळे मावशींकडे गेले. मीही होतो, कारण तीनपैकी दोनदा मीच हरलो होतो.

"नियमात भोक आहे मावशी. बुजवा."

"भोक नियमात नाय, सरांत हाय. ते तुम्ही बुजवा."

"अहो पण हा अन्याय आहे."

"कसला अन्याय? तुमचा शेवटचा चिंचोका राहिला की सर चोरी करणार, हे साऱ्या कॉलनीला माहीत हाय. कधी करणार ते माहीत हाय, कोण करणार ते माहीत हाय. आता चोराने काय पत्रिका छापून द्यायची का तुम्हाला?"

पगार सर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "मावशी, खरं सांगू? नियमच चुकीचा. ज्याने केलं त्याला चार दंड करा, माझी ना नाही. पण बिचारा बेसावध माणूस, त्याला कशाला?"

"बेसावध माणूस लय महाग पडतो, सर," मावशी म्हणाल्या. त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

त्यामागचं कारण मला पुढे कळलं. एका रविवारी सगळ्यांच्या आधी पोचलो, तर त्या एकट्याच शेंगा सोलत बसल्या होत्या. माझ्यापुढे मूठभर शेंगा टाकून त्यांनी कारखान्यातली गोष्ट सांगितली, शेंगांचा भाव सांगावा तितक्या सहज. लहान मुलांच्या औषधाचं लेबल होतं. छापणाऱ्याकडून डोसातलं एक टिंब गळलं. टिंब गळलं की अर्ध्या चमच्याचे पाच चमचे होतात. लेबल तपासून मावशींनी खाली सही केली. माल बाहेर जायच्या आत कोणाच्या तरी लक्षात आलं, कोणाला काही झालं नाही. पण छापणारा, रघुनाथ नावाचा, कंत्राटावर होता. दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरच थांबवलं.

"आणि तुम्हाला?"

"मी कायम होते ना. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणले, बाई, चूक तुमची नाय, त्याने केलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्यांनी शेंग फोडली. "आणि मला चहा पाजला."

मी एक शेंग सोलून त्यांच्यापुढे ठेवली.

"छापणारा दिवसाला हजार गोष्टी छापतो. त्याचं टिंब गळणारच. म्हणून तर मला तिथं बसवलं होतं. त्याचं काम छापायचं, माझं काम एकच, बघायचं. त्याला घरी पाठवलं आणि मला चहा. लय गोड होता रे. अजून तोंडातून जात नाय."

एवढ्यात पगार सर आले आणि मावशी म्हणाल्या, "सर, हात."

त्यानंतरच्या वर्षात मावशींच्या पद्धती वाढत गेल्या. टेबल खिडकीशी सरकवायला लावलं. पान टाकताना त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, असं सुरू केलं: "इस्पिक राणी", "चौकट अठ्ठी". पगार सर वैतागून म्हणाले, "नाव घ्यायला हे काय लग्न लागलंय का?" तपासणीत मावशी एकेक पान उचलून खिडकीच्या उजेडात धरायच्या, अगदी नाकाला लागेल इतकं जवळ. आम्हाला वाटायचं, त्या आम्हाला घाबरवतायत. मला तर ती ढब इतकी आवडली की दुकानात गिऱ्हाइकाची काच तपासताना मीही तसं करायला लागलो.

मग सोसायटीची बैठक झाली. पगार सरांनी ठराव मांडला: पुढच्या वर्षापासून दंड फक्त करणाऱ्याला. बहुतेकांनी हात वर केले. मीही निम्मा वर केला, म्हणजे कोणी विचारलं तर मान खाजवत होतो असं सांगता आलं असतं.

मावशी उठल्या. "कॉलनीची स्पर्धा पुढच्या रविवारी हाय. मी जिंकले तर नियम राहील. नाय जिंकले तर ठराव तुमचा."

"जिंकलात तरच हं," पगार सर म्हणाले. "आणि स्पर्धेत नावं घ्यायची नाहीत. मुकाट खेळायचं."

मावशी क्षणभर थांबल्या. "बरं. भिडू मी निवडणार."

सगळ्यांकडे एकदा बघून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. सभागृहात हशा पिकला. नंतर मी त्यांना गाठून विचारलं, मीच का?

"सगळ्यांत जास्त दंड तू भरलाय. नियम तुला पाठ हाय."

"खरं सांगा."

"तू समोर असलास की लोक निवांत होतात. निवांत माणूस चुकतो."

स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्याला पोचलो, ते निव्वळ मावशींमुळे. समोर पगार सर आणि जगताप. सगळी कॉलनी भिंतीला टेकून उभी. आभाळ भरलेलं होतं, खिडकीतून उजेड बेताचाच. त्या दिवशी भलतंच काही चाललं होतं. कोणीतरी चुकायचं, कोणाच्याच लक्षात यायचं नाही, तपासणीत निघायचं आणि दोन्हीकडचा एकेक डब्यात. चुका त्यांच्याही, आमच्याही. मावशींच्या नजरेतूनही सुटत होत्या. मला वाटलं, मी समोरून सुस्कारे टाकतो त्याने त्यांचं लक्ष उडत असेल.

शेवटच्या डावाला आमच्याकडे एक चिंचोका, त्यांच्याकडे एक, डब्यात सोळा. तोवर सामना डबाच जिंकत होता.

हुकूम इस्पिक. पाचव्या हाताला मी चौकटचं पान टाकलं. पगार सरांनी इस्पिकची नश्शी मारून हात उचलला. ठीक, चौकट नसेल त्यांच्याकडे. खेळ पुढे सरकला. दोन मेंढ्या आमच्या, एक त्यांची. अकराव्या हाताला पगार सरांनी पान टाकलं: चौकटची पंजी.

मला दिसलं.

आयुष्यात पहिल्यांदा मला समोरचं दिसलं. चौकट होती त्यांच्याकडे. पाचव्या हाताला होती, आणि त्यांनी हुकूम मारला होता. आत्ता बोललो की दोन चिंचोके, आणि त्यांच्याकडे एकच. सामना आमचा, नियम मावशींचा. माझं तोंड उघडलंसुद्धा.

मग मी मावशींकडे बघितलं. त्या शांत होत्या. पंजीकडे बघून त्यांनी आपलं पान टाकलं. मला त्या तीन चिंचोक्यांची आठवण झाली, आणि मी विचार केला: जे मला दिसलं ते मावशींना दिसलं नसेल? शक्य नाही. त्या बोलत नाहीत म्हणजे त्यात काहीतरी डाव आहे. मी कोण मधे तोंड घालणारा? मी तोंड मिटलं. पुढचं पान पडलं.

शेवटच्या हाताला तिसरी मेंढी आमच्याकडे आली. डाव आमचा. टाळ्या झाल्या. जगतापांनी त्यांचा शेवटचा चिंचोका बोटात धरला.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "तपासणी."

त्यांनी हात उलगडले. एकेक पान घेऊन खिडकीशी गेल्या. पंजी आली. ती त्यांनी डोळ्याशी नेली, जरा लांब केली, पुन्हा डोळ्याशी नेली. खूप वेळ. पगार सर जमिनीकडे बघत होते. भिंतीकडच्यांना काहीच माहीत नव्हतं. मावशींनी ते पान गुपचूप पालथं ठेवलं असतं, तर सामना संपला होता आणि नियम वाचला होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, ठेवा मावशी, ठेवा.

"ही चौकट हाय," त्या म्हणाल्या. "मला बदाम वाटली. सर, पाचव्या हाताला तुम्ही चौकट असून हुकूम मारला. आणि आम्ही बघितलं नाय." त्यांनी आमचा शेवटचा चिंचोका उचलला. "करणाऱ्याचा एक, न बघणाऱ्याचा एक."

सगळे एकदम बोलायला लागले. दोन्हीकडचा शेवटचा डब्यात गेला, तर कोणीच जिंकत नाही. मावशी जिंकत नाहीत. नियम जातो. जगताप म्हणाले, "मावशी, सोडा ना. आम्ही कोणी काही बघितलं नाही."

"त्याचाच तर दंड हाय."

मग पगार सर पुढे आले. चेहरा उतरलेला. "चूक माझी. मी मुद्दाम केली. माझा एक मी टाकतो. तुमचा राहू द्या, मावशी. डाव तुमचा, नियमही राहू द्या. तुमची काही चूक नाही."

मावशी हसल्या. "सर, मला चहा पाजू नका," त्या म्हणाल्या, आणि चिंचोका डब्यात टाकला.

तिथे कोणालाच काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी पुन्हा गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर त्या पायरीवर होत्या. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "बघ." मी त्यांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. उजव्या डोळ्याने वरच्या दोन ओळी. डाव्याने एकच अक्षर, तेही विचार करून. दोन्हीकडे पिकलेला मोतीबिंदू. तो बघायला यंत्राची गरज नव्हती. खिडकीकडे तोंड केलं की बुबुळात पांढरं दिसत होतं. आणि त्या गेलं वर्षभर माझ्यासमोर खिडकीकडे तोंड करून बसत होत्या.

"कधीपासून, मावशी?"

"दीड वर्ष झालं."

"मला सांगितलं का नाही?"

"तपासणी काढून घेतली असती ना तुम्ही."

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पण त्यानंतर त्या चांदवडला बहिणीकडे राहायला जायचं म्हणाल्या. सभागृहात आता नवीन नियमाने खेळतात. दंड फक्त करणाऱ्याला. लोक निवांत चिवडा खातात आणि कडीचा पंचा कोरडा असतो.

त्या निघाल्या त्या सकाळी मी खाली गेलो. रिक्षात सामान भरलेलं, मावशी आत बसलेल्या, मांडीवर तो पत्र्याचा डबा. काळा चष्मा काढून त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"गालाला साबण राहिलाय तुझ्या," म्हणाल्या. "बस, एक तपासणी राहिलीय."

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. कंबरेच्या पिशवीतून एक चिंचोका काढला. "मी दीड वर्ष लपवलं. चूक केली. हा माझा." टप्पकन तो आत टाकला. "आता सांग, तुझ्या दुकानावर पाटी कसली हाय?"

"चष्म्यांची."

"आणि तू बसायचास कुठं?"

"तुमच्या समोर."

त्यांनी डबा पुढे केला. "आणि ती पंजी तुला दिसली होती. तोंड उघडलेलं मला दिसलं, तेवढं दिसत होतं. पण तो दंड तुझा तुझ्याकडे राहू दे. हा टाक."

खिशात चिंचोका कोण बाळगतो? कॉलनीच्या फाटकाशी चिंचेचं झाड आहे, सगळे चिंचोके तिथलेच. दुकानात जायच्या कपड्यांत मी तिथे गुडघ्यांवर बसलो, पाचोळा चाळला, एक शोधून आणला. मावशींनी तो चिमटीत धरून उन्हात केला. डोळ्यापासून चांगला हातभर लांब.

"किडका हाय."

"कुठे? मला तर नाही दिसत."

"ते माहीत हाय. दुसरा आण."

मी पुन्हा झाडाखाली जाऊन बसलो. मागून रिक्षावाल्याचा आवाज आला, "मावशी, बस चुकेल तुमची." मी वळून बघितलं. मावशींनी डबा तसाच पुढे धरलेला होता, झाकण उघडं.

"थांब रे जरा," त्या म्हणत होत्या. "सापडेल त्याला. त्याला वेळ लागतो."